आमच्या घरची कंडेम कमिटी

माझी बायको घर सोडून दुर्गजवळच्या बोरसीला बहिणीकडे गेली, तेव्हा आमच्या गल्लीत दोन मतं पडली. काही जण म्हणत होते, साहेबांचं बाहेर काहीतरी असेल. बाकीच्यांनी मला रोज सकाळी पायजम्यावर तुळशीला पाणी घालताना पाहिलं होतं. ते म्हणत होते, छे, या माणसात तेवढी हिंमत नाही. खरं कारण कोणाच्याच डोक्यात आलं नाही. ती आमच्याच घरातल्या मागच्या खोलीपायी गेली. त्या खोलीचं दार खांद्यानं ढकलून उघडावं लागे, अन् एक पाय आत गेला की दुसरा कुठं ठेवायचा याचा विचार करत माणूस तिथंच उभा राही.

ती खोली मी भरली. दुसऱ्या कोणावर ढकलायची सोय नाही, नाहीतर ढकललंच असतं.

मी पोलाद प्लांटच्या भांडार विभागात आयुष्य काढलं. भांडारात एका जातीचा माल असतो, त्याला आम्ही इन्शुरन्स स्पेअर म्हणायचो. म्हणजे एखादा भला मोठा गियर. वर्षानुवर्षं कोणी त्याला विचारत नाही, पण ज्या दिवशी लागेल त्या दिवशी नसला तर अख्खी मिल बंद. म्हणून त्याला ग्रीस लावायचं, झाकून ठेवायचं, अन् कोणी हात लावला तर अंगावर धावून जायचं. प्लांटात ही अक्कल ठीक आहे. मी ती घरी आणली. मिक्सर जळाला, त्याची भांडी ठेवली. कूलर सडला, त्याचा पंप चांगला होता म्हणून पंप ठेवला. पंप आहे तर कधीतरी कूलर लागेलच, म्हणून शेजाऱ्यानं टाकून दिलेला कूलरचा सांगाडा उचलून आणला. मग त्या सांगाड्यासाठी खसच्या, म्हणजे वाळ्याच्या, ताट्या आणून ठेवल्या. निवृत्त झालो, सेक्टरातलं प्लांटचं क्वार्टर सोडलं, सुपेल्याच्या पलीकडे स्वतःच्या घरात आलो, तेव्हा हे सगळं मेटाडोरमध्ये घालून सोबत आणलं. मेटाडोरवाला म्हणाला, "साहब, दुकान शिफ्ट कर रहे हो क्या?" मला तेव्हा अभिमानच वाटला.

बायकोनं खोली पहिल्यांदा मागितली ती इथं आल्या आल्या. मागणी अगदी साधी होती.

"मले दुपारी दार लावून पडाले एक खोली पाहिजे."

"बेडरूम आहे ना!"

"बेडरूममध्ये तुमी आहे. तुमचा टीव्ही आहे. तुमचा फोन आहे, तो तुमी गाव गोळा केल्यासारखा स्पीकरवर लावता. दारावरची घंटी वाजली का तुमी पडल्या पडल्याच वरडता, अवं कोण आहे पाह्य. मले डोळा लागला का तुमाले चहा लागते."

"मंग हॉलमध्ये पड."

तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी ताबडतोब पेपर वर केला. पण कबूलही केलं, करतो म्हणालो, खोली रिकामी करून देतो. दिवाळी गेली, करून राहिलो म्हणालो. संक्रांत गेली, करून राहिलो म्हणालो. होळीला पोरगा-पोरगी आले. पोरगी म्हणाली, "बाबा, आईला एक रूम देऊन द्या ना, क्या प्रॉब्लेम है?" मी म्हणालो, "करून राहिलो ना, बापा!" एकदा बोलता बोलता मी बायकोला समजावत होतो की खोलीतला माल म्हणजे कचरा नव्हे, नॉन-मूव्हिंग आयटम आहे. त्यावर ती म्हणाली, "या घरात नॉन-मूव्हिंग आयटम एकच आहे, अन् तो सोफ्यावर बसला आहे."

मग एप्रिलात एका सकाळी मला जोर आला. मोबाईलवर एक पोरगी सांगत होती, घर आवरायचं तर रोज फक्त पंधरा मिनिटं द्या, एकच कोपरा घ्या, एकच ड्रॉवर घ्या. मला तिची कीव आली. एवढं मोठं भांडार सांभाळलेल्या माणसाला ही ड्रॉवर शिकवणार! आमच्याकडे पद्धत वेगळी. आधी सगळा माल बाहेर काढायचा, डोळ्यांनी पाहायचा, मग ठरवायचं. बायको सुपेल्याच्या बाजारात भाजी आणायला गेली होती. मी दार खांद्यानं ढकललं अन् कामाला लागलो.

ती परत आली तेव्हा मागची खोली निम्मी रिकामी होती अन् बाकीचं घर पूर्ण भरलं होतं. हॉलमध्ये कूलरचा सांगाडा आडवा, त्याच्यावर पोरांची सायकल, सोफ्यावर ट्यूबलाइटच्या पट्ट्या, स्वयंपाकघराच्या दारात लोखंडी ट्रंक, अन् ट्रंकेच्या पलीकडे मी. मला पलीकडून निघता येईना, तिला आत येता येईना. ती उंबऱ्यावर उभी, घामानं चिंब, दोन्ही हातांत पिशव्या. त्या क्षणी माणसानं गप्प बसावं. मी म्हणालो, "आली का? चहा ठेवतं का थोडासा?"

तिनं पिशव्या खाली ठेवल्या, कपाळ पुसलं, पिशव्या पुन्हा उचलल्या.

"मी ताईकडे चालली. खोली रिकामी झाली का फोन करा. रिकामी म्हणजे रिकामी. सरकवलेली नाही."

"अवं, पण जेवण?"

"ट्रंकेत पाहा काही आहे का."

अन् गेली. भाजीसकट गेली. त्या पिशवीत कोवळी मेथी दिसत होती. मला त्या दिवशी बायको गेल्याचं जेवढं वाईट वाटलं, जवळजवळ तेवढंच मेथीचं वाटलं. माणूस किती हलकट असतो, हे त्याला भूक लागल्यावर कळतं.

दुसऱ्या दिवशी मी साडूभाऊंना बोलावलं. साडूभाऊ म्हणजे बायकोच्या ताईचे यजमान. रेल्वेत गार्ड होते, उभी हयात दुर्ग लाईनवर गेली. ते स्कूटरवर आले ते डबा घेऊनच. "तुमच्या ताईनं देला," म्हणाले, अन् माझ्याकडे न पाहता म्हणाले, "भाजी कोणी केली ते मले इचारू नका." विचारायची गरजच नव्हती. मेथीत लसूण आमच्या घरच्यासारखा जाळून काळा केलेला होता. मी उभ्या उभ्या खाल्ली.

मग मी त्यांना पद्धत समजावली. प्लांटात कोणतीही वस्तू भंगारात काढायची तर कंडेम कमिटी बसते. एक वापरणारा, एक सांभाळणारा, एक पैशाच्या बाजूचा. तिघांनी माल डोळ्यांनी पाहायचा, तिघांनी हो म्हणायचं, तरच वस्तू कंडेम. एकानं जरी मान हलवली नाही तरी वस्तू जागेवर. वापरणारा मी, सांभाळणारा पण मीच, पैशाच्या बाजूचे साडूभाऊ.

"मंग तिसरा कोण?" ते म्हणाले. "तुमी दोनदा कसे बसता?"

मुद्दा बरोबर होता. रेल्वेचा माणूस नियमाचा पक्का. मी बायकोला फोन लावला, सभासद व्हायची विनंती केली.

"सगळं फेका," ती म्हणाली. "झाली माही सही."

"असं नाही चालत. सभासदानं माल स्वतः पाह्यला पाहिजे."

"मी तो माल तीस वर्षं पाह्यला," ती म्हणाली अन् फोन ठेवून दिला.

शेवटी दोघांचीच कमिटी बसली. पहिली वस्तू सुटकेस. कुलूप तुटलेलं, एक कोपरा उंदरानं खाल्लेला. मी म्हणालो, कंडेम. साडूभाऊंनी ती आडवी ठेवली, तिच्यावर बसले, जरा हलले. "रेल्वेत असती तर आनखी वीस वर्षं चालवली असती," म्हणाले. "गार्डाच्या डब्यात बसाले याच्यापेक्षा चांगली वस्तू नसते." मग त्यांनी गोंदियाच्या पुढे कुठंतरी मालगाडी रात्रभर उभी राहिली होती त्याची गोष्ट सांगितली. ती संपेपर्यंत जेवायची वेळ झाली. दुपारी पोरांची सायकल घेतली. ते म्हणाले, कंडेम. आता माझी मान हलेना. तिच्यावरून पोरगी क्वार्टरच्या मागं पडली होती, हनुवटीला टाका पडला होता; तो टाका अजून दिसतो. साडूभाऊ म्हणाले, "पडली त्या सायकलीवरून, अन् तुमी तिलेच जपून ठेवता?" मी म्हणालो, तुम्हाला नाही कळणार. ते म्हणाले, मले खरंच नाही कळून राहिलं. संध्याकाळपर्यंत कमिटीनं एकमतानं एक प्लास्टिकची बादली कंडेम केली, जिचा दांडा तुटला होता. निघताना साडूभाऊंनी ती स्कूटरच्या हँडलला अडकवली. "गच्चीवर कुंडीले होऊन जाईल," म्हणाले.

असे बरेच दिवस गेले. मला वाटत होतं, काम चालू आहे. रोज साडूभाऊ यायचे, रोज डबा यायचा, रोज कमिटी बसायची, अन् काही कंडेम झालंच तर ते साडूभाऊंना आवडायचं. मग एक दिवस बायकोचा फोन आला.

"तुमची खसची ताटी इथं आली आहे," ती म्हणाली. "बादली आली. कूलरचा पंप आला. ताई जीव खाऊन राहिली भाऊजीचा. मी त्या घरातून निघून इथं आली, तर ते सामान माह्या मागं मागं येऊन राहिलं. एक काम करा, तुमी पण या, मंग मी परत जाते."

साडूभाऊंचं येणं बंद झालं. डबाही बंद झाला. ताईनं त्यांना स्कूटरची किल्ली देणंच बंद केलं होतं.

आता मी एकटा. अन् एकटा माणूस लबाडीवर येतो. मी दोन दिवस राबून मागची खोली साफ रिकामी केली. ट्रंक जिन्याखाली, पट्ट्या पलंगाखाली, सायकल गच्चीवर, भांडी बेडरूमच्या कपाटात, सांगाडा मागच्या आंगणात, वरून चादर. खोलीत झाडू मारला, पोछा मारला, उजेड येईल अशा बाजूनं फोटो काढला अन् पाठवला. पाच मिनिटांत व्हिडिओ कॉल.

"छान दिसून राहिली," ती म्हणाली. माझी छाती फुगली. "आता तो फोन घेऊन जरा गच्चीवर जा."

"गच्चीवर काऊन? ऊन आहे."

"जा म्हटलं ना."

मी जिन्यापर्यंत गेलो. म्हणजे ट्रंकेपर्यंत गेलो. तिथं आम्ही दोघांनी ट्रंक पाहिली. ती शांतपणे म्हणाली, "मी काय सांगितलं होतं? सरकवलेली नाही." मला तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

तरी मी निर्धास्त होतो, हा माझा मूर्खपणा ऐका. मला वाटत होतं, किती दिवस राहील? बहिणी बहिणी चार दिवस गोड बोलतील, मग होईल काहीतरी. तिच्या गोळ्या इथं आहेत, तिचा चष्म्याचा दुसरा जोड इथं आहे, तिचा देव्हारा इथं आहे. येईलच. अन् मग साडूभाऊंचा फोन आला, बाथरूममधून बोलत असावेत असा आवाज.

"भाऊ, तुमाले सांगू का नको सांगू, पण सांगतो. आमच्या वरच्या खोलीत राह्यते ना ती. दुपारी जेवण झालं का वर जाते अन् दार लावते. पाच वाजेपर्यंत खाली येत नाही. तुमची ताई म्हणते, पोरीचं तोंड पाहा कसं उजळलं, एवढी तर लग्नाआधी माहेरीही झोपली नसेल. अन् काल..."

"काल काय?"

"काल दोघी दुर्गच्या बाजारात गेल्या होत्या. पडदा घेऊन आली ती. त्या खोलीच्या खिडकीले. शिवून पण आणला, दांडी पण लावली."

भांडण झालेली बाई पडदा घेत नाही. भांडण झालेली बाई रडते, फोन करते, फोन उचलत नाही, हे सगळं मला चालण्यासारखं होतं. पण पडदा मापून घेतात, शिवतात, धुवायला काढतात. पडदा म्हणजे पुढच्या उन्हाळ्याची सोय. मी घाबरलो. बासष्ट वर्षांचा माणूस, हॉलमधल्या सोफ्यावर बसून चक्क घाबरलो. आजूबाजूला पाहिलं, तर घरात सगळं होतं. ट्यूबलाइटच्या पट्टीला पट्टी होती, चोकला चोक होता, कुकरच्या शिट्ट्याच ओंजळभर होत्या. ज्याच्या नसण्यानं अख्खी मिल बंद पडते, ती एकच गोष्ट नव्हती, अन् ती बोरसीला पडदा लावून झोपली होती.

कमिटी त्याच मिनिटाला बरखास्त केली.

सकाळी सुपेल्याला गेलो, कबाडीवाल्याला ठेल्यासकट सोबत घेऊन आलो. तो जिन्याखाली डोकावला, पलंगाखाली डोकावला अन् खूश होऊन म्हणाला, "अउ कछु हे, साहब?" मी म्हणालो, आहे, गच्चीवर आहे, आंगणात आहे, कपाटात आहे. तो एकेक वस्तू उचलायचा अन् माझा हात आपोआप पुढं जायचा. दोनदा तर मी पकडलीच, त्यानं एका बाजूनं ओढली, मी दुसऱ्या बाजूनं. तिसऱ्या वेळी मी स्वतःचेच हात पाठीमागं बांधले, पंच्यानं, खरोखरचे, अन् भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो. मागून लोखंड आदळल्याचे आवाज येत होते. सायकलीची घंटी वाजली तेव्हा डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला बोलू. पण वळलो नाही. ठेला गेला तेव्हा कोपऱ्यापर्यंत त्याचा खडखडाट ऐकला, अन् मग आत येऊन फरशी धुतली. त्या खोलीची फरशी हिरव्या रंगाची आहे, हे मला त्या दिवशी समजलं.

फोटो पाठवला नाही. फोन केला. "ये," म्हणालो. "गच्ची पाह्य, जिना पाह्य, पलंगाखाली पाह्य. ये फक्त."

ती दुसऱ्या दिवशी जेवण करून आली. हातात पिशवी नव्हती, ते मी पहिलं पाहिलं. चप्पल काढली अन् सरळ गच्चीवर गेली. मग जिन्याखाली वाकली, पलंगाखाली वाकली, कपाटं उघडली, आंगणात गेली. मी मागं मागं. शेवटी मागच्या खोलीत आली अन् मधोमध उभी राहिली.

माझ्यानं राहवलं नाही. "दिवाण टाकून देतो इथं," मी म्हणालो. "एक छोटं कपाट. टेबल पाहिजे का? माह्या ओळखीचा एक आहे, जुना सागवानी..."

"तुमी इथं काही आणू नका," ती म्हणाली. "एक चटई द्या अन् उशी द्या."

दिली. तिनं चटई अंथरली, पंखा लावला.

"मंग? येशील ना आता?" मी विचारलं.

"मी राहाले नाही आली. पाहाले आली. इथं झोप लागली तर राहीन, नाही लागली तर संध्याकाळी भाऊजी न्याले येतीन." अन् तिनं माझ्या तोंडावर दार लावलं. आतून कडी वाजली.

मी घरातला टीव्ही बंद केला, त्याचा प्लग पण काढला. फोन बंद केला. दारावरच्या घंटीची वायर ओढून टाकली. गल्लीत मसालेवाला ओरडत आला, तर अनवाणी धावत गेलो अन् दोन्ही हात जोडून त्याला परत पाठवला. गल्लीतल्या दोन्ही मतांचे लोक खिडकीतून पाहत होते, पाहू दे. मग खुर्ची उचलून, न घासता, त्या दाराशी नेली अन् बसलो. खोकला आला तो पंच्यात खोकलो. आतून पंख्याचा आवाज येत होता, बाकी काही नाही. नाही लागत झोप, मला वाटलं. जागा नवी आहे. जाते ही.

मग आतून एक घरघर सुरू झाली. आधी वाटलं, शेजारी कोणी पंप लावला. दाराला कान लावला. पंप नव्हता. माझी बायको घोरत होती. मस्त, मोकळी, कोणाची पर्वा नसल्यासारखी घोरत होती.

मला हसू फुटलं, ते पंच्यात दाबलं. साडूभाऊंना सांगू, पोरांना सांगू, तुमची आई घोरते! अन् मग हसणं तिथंच थांबलं. एवढा संसार झाला, दोन पोरं झाली, त्यांची लग्नं झाली, अन् ती घोरते हे मला माहीतच नव्हतं. माहीत कसं असणार? ती झोपायची तेव्हा मी आधीच झोपलेलो असायचो, अन् मी उठायचो तेव्हा ती केव्हाची उठलेली असायची.